ना. बा.

“आणि लोकांना काय सांगायचं? बाप जाऊन तीन महिने होतायत, आणि आई जपानला फिरायला गेली?”

रविराज उभ्यानेच बोलत होता. बसला असता तर आवाज एवढा चढला नसता. त्याचा चहा टीपॉयवर निवून गेला होता आणि त्यावर साय धरली होती.

“फिरायला म्हणू नको. दर्शनाला गेली म्हण,” सुलाबाईंनी सुचवलं. त्या त्याच्या वडिलांच्या, नानांच्या थोरल्या बहीण. या भांडणासाठीच त्या निफाडहून पहिल्या एसटीने आल्या होत्या आणि येताना पिशवीभर द्राक्षं घेऊन आल्या होत्या. “दर्शनाला कोण नावं ठेवत नाय.”

“आत्या, तू नक्की कुणाच्या बाजूने आहेस?”

“मी? मी मधी बसलेय. बघ की, पार सोफ्याच्या मधोमध.”

ओट्याजवळ उभ्या असलेल्या त्याच्या बायकोला, स्नेहलला हसू आलं. ते लपवायला तिने उगाच नळ सोडला.

“हसण्यासारखं नाही हे,” रविराज म्हणाला. “उद्या दुपारी बारापर्यंत कॉलेज रोडच्या त्या एजंटकडे व्हिसाचे कागद गेले पाहिजेत. नाही गेले तर आईचं तिकीट बुडालं. पप्पांच्या तिकिटाचे पैसे मृत्यूचा दाखला जोडला तर परत देतायत. आईचंही कदाचित देतील, पण आज कळवलं तर. म्हणजे आजच काय ते ठरवायचंय. हो की नाही, तेवढं सांगा, बाकी मी बघतो.”

“मग तिला विचार की,” सुलाबाई म्हणाल्या. “जायचं तिला हाय. आपण आपलं दोघंच केव्हाचं केकाटतोय.”

तिघांनी कुसाबाईंकडे पाहिलं. त्या खाली चटईवर, भिंतीला टेकून, पाय लांब करून मेथी निवडत होत्या. गुडघे दुमडत नाहीत म्हणून गेली सहा वर्षं त्या अशाच बसतात. त्यांनी मान वर केली नाही.

“आई, तुला जायचंय का?”

कुसाबाईंनी एक पिवळं पान बाजूला टाकलं. “निवडून होऊ दे,” त्या म्हणाल्या.

हेच त्या आठवडाभर म्हणत होत्या. कधी मेथी, कधी तांदूळ, कधी कपड्यांच्या घड्या. जायचंय म्हणाव्यात तर तोंड कुठलं होतं? ज्या माणसाने चार वर्षं या प्रवासाची वही भरली, त्याच्या तोंडावर त्यांनी सांगितलं होतं, “मला नाही यायचं. तुम्हीच जा एकटे.” आणि नाही जायचं म्हणाव्यात, तर तेच वाक्य त्या दुसऱ्यांदा बोलणार, आणि या वेळी ते कायमचं होणार.

*

नाना मोतीराम गांगुर्डे. नाना हे त्यांचं लाडाचं नाव नव्हे. शाळेच्या दाखल्यावर, आधार कार्डावर, पासपोर्टवर हेच नाव होतं. नाशिकच्या लेण्यांवर त्यांनी एकतीस वर्षं नोकरी केली. आधी रोजंदारीवर झाडांना पाणी घालायला लागले, पुढे पुरातत्त्व खात्यात कायम झाले आणि पहारेकरी म्हणून निवृत्त झाले. दोनेकशे पायऱ्या रोज चढायच्या, सकाळी जाळीची दारं उघडायची, शाळांच्या सहलींवर ओरडायचं, भिंतीवर बदामात नावं कोरणाऱ्या पोरांना धरायचं आणि संध्याकाळी एकेका लेण्यात डोकावून, कुणी आत राहिलं नाही ना ते पाहून, रजिस्टरात नोंद करायची. ‘सं. ५.४५. सर्व बा.’ म्हणजे सर्व बाहेर. ही त्यांची सवय घरातही उतरली होती. पाहुणे गेले की कॅलेंडरच्या चौकोनात लिहीत, ‘मेहुणे बा.’ मांजराला हाकललं की तोंडाने म्हणत, “मांजर बा.”

कुसाबाई इगतपुरीकडच्या एका पाड्यावरच्या. माहेरी भाताची खाचरं, चार महिने अंगावर ओला पदर. अठराव्या वर्षी लग्न होऊन निफाडला आल्या आणि दहा वर्षं दुसऱ्यांच्या द्राक्षबागेत कात्रीने घडांतले मणी विरळ करत उभ्या राहिल्या. मान वर, हात वर, दिवसभर. नानांची नोकरी कायम झाल्यावर इंदिरानगरला दोन खोल्या घेतल्या आणि कुसाबाईंनी पोळीभाजीचे डबे सुरू केले. तेव्हा कात्री सुटली, पण उभं राहणं सुटलं नाही.

नानांचा डबा त्या रोज द्यायला जात. रिक्षाने पायथ्यापर्यंत, तिथून पायऱ्यांनी पहिल्या वळणावरच्या चिंचेपर्यंत. तिथे डबा घ्यायला नाना खाली उतरत. एकतीस वर्षांत कुसाबाई वरपर्यंत गेल्या असतील तीनदा. एकदा नानांना नोकरी लागली तेव्हा, एकदा रविराज पोटात असताना हट्टाने, एकदा नानांच्या निरोपाच्या दिवशी. बाकी सगळं आयुष्य चिंचेखाली. वरून उतरणारे लोक म्हणत, “काय सुंदर आहे हो वर,” आणि त्या रिकामा डबा पिशवीत घालत म्हणत, “हो ना.”

नानांच्या डोक्यात जपान शिरलं ते एका म्हातारीमुळे. तिचं नाव योशिदा, कुठल्याशा शाळेत शिकवायची. भर पावसाळ्यात ती आली आणि चैत्यगृहातल्या स्तूपासमोर तासभर बसून राहिली. दार लावायची वेळ झाली तरी उठेना. नानांनी तिला उठवलं नाही. त्या दिवशी ‘सर्व बा.’ पाऊण तास उशिरा पडलं. जाताना तिने दुभाष्याकडून सांगितलं, की आमच्या नारा गावात एक मोठा बुद्ध आहे. बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी तो घडवला, तेव्हा त्याचे डोळे रंगवून उघडायला हिंदुस्थानातून गेलेला एक भिक्खू होता. त्याच्या हातातल्या कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि खाली जमलेल्या लोकांनी त्या धरल्या होत्या. म्हणजे डोळे सगळ्यांनी मिळून उघडले.

तिने त्या बुद्धाचं एक कार्ड दिलं. ते नानांनी टीव्हीच्या टेबलाच्या काचेखाली घातलं.

“दोऱ्या धरल्या होत्या लोकांनी,” नाना जेवताना सांगत. मग झोपताना सांगत. मग भाजीवाल्याला सांगत. “आपल्याकडचा माणूस गेला होता तिकडे डोळे उघडायला!”

“मग तो काय बुलेट ट्रेनने गेला होता?” भाजीवाला विचारी. “कोथिंबीर घ्या.”

निवृत्त झाल्यावर फंडातून रविराजच्या लग्नाचं निघालं, वरच्या खोलीचं निघालं, आणि मग नानांनी शंभर पानी वही आणली. रजिस्टरसारखी आडव्या रेघांची. वरती लिहिलं, ‘नारा व आसपास. दिवस नऊ. माणसं दोन.’ तिथून पुढे चार वर्षं नाना सकाळी मोबाइलवर व्हिडिओ बघत आणि दुपारी वहीत लिहीत. कुठल्या महिन्यात विमान स्वस्त, कुठल्या स्टेशनावरून फुकट पायी जाता येतं, कुठल्या देवळाला किती पायऱ्या आणि मध्ये बसायला बाक आहे की नाही. फेब्रुवारी ठरला, कारण तेव्हा थंडी असते आणि लोक नसतात. राहायला एका म्हातारा-म्हातारीच्या घरातली खोली, गादी जमिनीवर. त्यापुढे कंसात, ‘कुसाला उठता येईल का? खुर्ची मागणे.’ जेवणाचं पान तर त्यांनी तीनदा लिहिलं होतं. इथून भाजके पोहे, शेंगदाण्याची चटणी, तिळाची चटणी, लिंबाचं लोणचं. तिथे दुकानात भाताचा लाडू मिळतो, समुद्री शेवाळाच्या कागदात गुंडाळलेला. ‘भाताचा लाडू दोघांत तीन. गरम पाणी सगळीकडे फुकट.’ आसुका नावाच्या जुन्या गावाच्या पानावर, ‘शेतातून फिरणे, फुकट. सायकल भाड्याने. कुसा मागे कॅरियरवर. (चालत नाही म्हणतात. विचारणे.)’

“मला कॅरियरवर बसवणार? साठाव्या वर्षी?”

“का, चाळीस वर्षांपूर्वी बसलीच होतीस की निफाडच्या बाजारात.”

“तेव्हा पडले होते.”

“म्हणून तर. आता नीट चालवतो.”

*

जपानी आकडेही नानांनीच शिकवले. कुसाबाई डब्यांच्या पोळ्या लाटत आणि नाना समोर स्टुलावर बसून, चष्मा कपाळावर, मोबाइलमधल्या बाईच्या मागोमाग म्हणत, “इची, नी, सान, शी.”

“शी काय? पोळ्या लाटतेय ना मी?”

“बरं, चारला योनसुद्धा चालतं. इची, नी, सान, योन, गो, रोकु.” इथे नाना थांबले आणि गालात हसायला लागले. “आता पुढचा तुला म्हणता येणार नाही.”

“का? मी काय अडाणी आहे?”

“सात म्हणजे,” नानांनी छातीवर हात ठेवला, “नाना.”

कुसाबाईंचं लाटणं थांबलं. बेचाळीस वर्षांत त्यांनी हे नाव तोंडातून काढलं नव्हतं. तसा घरात कुणाचा धाक नव्हता. नानाच कितीदा म्हणत, “आपण बौद्ध माणसं, आपण कसली ही जुनी ओझी वाहतोय? घे की नाव.” पण जीभ वळत नव्हती. बँकेत, दवाखान्यात कुणी विचारलं, “मिस्टरांचं नाव?” की त्या आधार कार्ड पुढे करत. पुढे पुढे तर मनातसुद्धा ते नाव येईना. मनातही ते ‘हे’च होते.

“मी नाही म्हणणार.”

“मग तिकडे सात नंबरच्या फलाटावर कशी जाशील? चुकामूक झाली आपली तर?”

कुसाबाईंनी पोळी तव्यावर टाकली आणि मोजलं, “इची, नी, सान, योन, गो, रोकु, अहो, हाची, क्यू, जू.”

नाना एवढे हसले की स्टूल कलंडलं. त्यानंतर या घरात सातला अहोच म्हणत. स्नेहल शिट्ट्या मोजतानाही म्हणायची, “आई, कुकरच्या अहो झाल्या.”

ऑगस्टमध्ये तिकिटांची सूट निघाली आणि दोन तिकिटं निघाली. सप्टेंबरमध्ये एजंटाने सांगितलं, व्हिसाला रोजचा कार्यक्रम टाइप करून लागतो. रविराज अंबडच्या कंपनीत पाळी करून येई आणि रात्री वही समोर ठेवून मोबाइलवर बडवत बसे. नानांच्या शॉर्टफॉर्मना वैतागे, पण उलगडत जाई. मग त्याने प्रिंट काढून फ्रिजवर चिकटवली.

कुसाबाईंनी ती डबे भरता भरता वाचली. होर्यूजी, लाकडाचं सर्वांत जुनं देऊळ. तिकीट एक. नारा बाहेर. दुसऱ्या दोन मठांपुढेही तसंच, तिकीट एक, नारा बाहेर.

“रवी, तिकीट एकच का?”

“पप्पांचं असेल,” रविराज बूट घालता घालता म्हणाला. “महाग आहेत ना ती ठिकाणं. आणि ती नाराच्या बाहेर, लांब आहेत. तुझे गुडघे बघता तू बाहेर बसशील बाकावर. बरोबरच आहे ना.”

तो कामावर गेला. कुसाबाईंनी चौदा डबे भरले. सगळे नीट भरले, फक्त एकात दोनदा भाजी गेली. एकतीस वर्षं चिंचेखाली आणि आता विमानात बसून सातासमुद्रापार जाऊनही बाकावर. पिशव्या सांभाळत. आणि बाहेर आल्यावर हे सांगणार, काय सुंदर आहे गं आत.

त्यांनी भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. पण भांडणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. नाना बाजारातून आले, स्टुलावर बसले, “चल, आज वीसपर्यंत” म्हणाले, तेव्हा त्या ओटा पुसत म्हणाल्या, “मला नाही यायचं. तुम्हीच जा एकटे.”

“का गं? गुडघे?”

“हो. गुडघे.”

“अगं, सगळीकडच्या पायऱ्या मोजल्यात मी. तुला जमतील एवढ्याच.”

“मला नाही यायचं म्हटलं ना.”

नानांनी कपाळावरचा चष्मा काढून खिशात ठेवला. “बरं,” म्हणाले. “तिथे गेल्यावर कळेल तुला.” आणि जरा वेळाने, उठता उठता, “गेलीस तर.”

हे दसऱ्याच्या आधी पाच दिवस. दसऱ्याला लेण्यांवर गर्दी असते. नाना निवृत्त झाले तरी दरवर्षी त्या दिवशी लोकांना पाणी द्यायला जात. याही वर्षी गेले. दुपारी पायऱ्यांवरच्या पहिल्या वळणाशी बसले आणि शेजारच्या पोराला म्हणाले, “जरा दम खातो.” कुसाबाई पोचल्या तेव्हा कुणीतरी त्यांना चिंचेच्या सावलीत आडवं केलं होतं.

*

“हे बघ, आत्या, तूच ऐक,” रविराज म्हणाला. त्याने फ्रिजवरचा कागद ओढून काढला. एका कोपऱ्याचा तुकडा चुंबकाखालीच राहिला. “माणसाने एकटं जायचं असं यात काही नाहीच. सगळं दोघांत. भाताचे लाडू दोघांत तीन. आता ते काय दीड घेणार? खोली दोघांची. छत्री एक. औषधांचा डबा एक, तोही पप्पांच्या पिशवीत. मोबाइलवर बोलायचं काम पप्पांचं. आईने फक्त बरोबर असायचं. मग आता आई कुणाबरोबर असणार?”

सुलाबाईंनी द्राक्षाचा एक मणी तोडला आणि हातातच ठेवला.

“एकटं जाऊ नये असं नाही,” स्नेहल हळूच म्हणाली. “टूरबरोबर…”

“टूरचे पैसे बघितलेस? आणि ते टोकियो दाखवतात. पप्पांनी टोकियोचं नावसुद्धा लिहिलेलं नाही.” त्याने पुन्हा कागदात डोकं घातलं. त्याचा आवाज आता खाली आला होता. आवाज खाली आला की तो अगदी नानांसारखा वाटे. “मला काय हौस आहे का तिला अडवायची? मलाही वाटतं ना. पण हे वाच. तिसरा दिवस, होर्यूजी, नारा बाहेर. चौथा दिवस, दोन मठ, नारा बाहेर. सहावा दिवस, म्युझियम, नारा बाहेर. रोज उठून गावाबाहेर. ट्रेन बदलायच्या. कुणाला विचारणार ती?”

“म्युझियम बाहेर नाही,” कुसाबाई म्हणाल्या.

“काय?”

“म्युझियम नाराच्या बाहेर नाही. गावातच आहे. स्टेशनवरून चालत जायचं. हरणांच्या बागेला लागून.” त्यांनी हातातली काडी खाली ठेवली. “मला दाखवलंय ह्यांनी. व्हिडिओत दोनदा पाहिलंय मी.”

“मग इथे नारा बाहेर का लिहिलंय?”

“तू लिहिलंयस.”

“वहीत होतं तेच लिहिलंय मी.”

“वही आण.”

वही रेशनकार्डाच्या पत्र्याच्या डब्यात होती. तीन महिन्यांत ती कुणी उघडली नव्हती. स्नेहलने ती आणून सासूच्या मांडीवर ठेवली. मेथीची पानं चिकटतील म्हणून कुसाबाईंनी आधी हात पदराला पुसले. सहाव्या दिवसाचं पान काढलं. नानांचं अक्षर, रजिस्टरातलं, प्रत्येक ओळीखाली बारीक रेघ.

‘म्युझियम. नारा गावात. स्टेशनपासून चालत वीस मि. सपाट. बाक भरपूर. ति. १. ना. बा.’

रविराज गुडघ्यावर बसून वाकून बघत होता. “ना. बा. म्हणजे नारा बाहेर. बा. म्हणजे बाहेर हे तर पप्पांचं ठरलेलं.”

“वर गावात लिहिलंय आणि खाली बाहेर लिहितील?”

“मग ना. म्हणजे काय?”

कुसाबाईंनी मागची पानं उलटली. होर्यूजी. ति. १. ना. बा. मठ. ति. १. ना. बा. दुसरा मठ. ‘बाहेर तळ्याकाठी ऊन असते. ति. १. ना. बा.’ मग त्या परत पुढे आल्या. त्यांचं बोट ना या अक्षराखाली थांबलं. टिंबाच्या जागी शाई जरा फुटली होती.

“आई?”

त्यांना कळलं होतं. बोट थांबलं त्याच क्षणी कळलं होतं. इतका साधा शब्द, पण त्या घरात बेचाळीस वर्षं त्यांच्यापुरता नव्हताच, म्हणून दिसला नव्हता. दुसऱ्या कुठल्याही घरातल्या बाईला दिसला असता.

“आई, काय लिहिलंय?”

“नाना बाहेर,” कुसाबाई म्हणाल्या.

रविराजने चौतीस वर्षांत आईच्या तोंडून बापाचं नाव ऐकलं नव्हतं. त्याला आधी नाव ऐकू आलं, अर्थ नंतर. सुलाबाईंनी पदर तोंडाशी नेला. आणि कुसाबाई आतल्या खोलीच्या दाराकडे बघत होत्या, त्यांच्याही नकळत. हाक मारली की माणूस ‘हां’ म्हणतो, तेवढ्यापुरत्या. दारात कुणी नव्हतं. दाराच्या खिळ्याला नानांचा मफलर होता.

“तिकीट एक ते माझं,” त्या म्हणाल्या. “महाग आहे म्हणून ह्यांनी एकच धरलं. मी आत जायचं. हे बाहेर बसणार होते, पिशव्या घेऊन.”

“पण तसं सांगितलं का नाही त्यांनी?” स्नेहलने विचारलं.

उत्तर सुलाबाईंनी दिलं. “सांगितलं असतं तर ही गेली असती व्हय आत? म्हणाली असती, तुम्ही बाहेर तर मी पण बाहेर. मग बसली असती दोघं बाकावर, जपानात जाऊन.” त्या हसायला गेल्या आणि ते हसू मध्येच वेगळं झालं. “लहानपणी पण असंच. जत्रंत पाळण्याचे पैसे एकाचेच असायचे. मला बसवायचा आणि म्हणायचा, मला चक्कर येते. चक्कर बिक्कर काय येत नव्हती मेल्याला.”

रविराजने हातातला कागद घडी केला, उलगडला, परत घडी केला. “मी टाइप केलं,” तो म्हणाला. “पप्पांना एकदा विचारायला पाहिजे होतं. आई, तू त्या दिवशी विचारलंस मला, आणि मी बूट घालत होतो.”

“तुझं काही नाही.”

“तू त्याच्यावरून यायचं नाही म्हणालीस?”

कुसाबाई पानं उलटत होत्या. सातव्या दिवसाशी थांबल्या. काचेखालच्या कार्डावर होता तोच मोठा बुद्ध. तिथे नानांनी ठळक अक्षरात लिहिलं होतं, ‘ति. २.’ पुढे, ‘इथे दोघं. घाई नाही. अर्धा दिवस.’ आणि समासात, पेन्सिलने, नंतर कधीतरी, म्हणजे कदाचित त्या पाच दिवसांत, कारण बाकी सगळी वही शाईची होती, ‘कुसा नाही आली तर ति. १. मग फार वेळ लागणार नाही.’

हे त्यांनी मोठ्याने वाचलं नाही. वही मिटली, भिंतीला धरून उठल्या. उठताना दरवेळी ‘आई गं’ म्हणायच्या, या वेळी म्हणाल्या नाहीत. मेथी धुतली. तवा ठेवला. बाजरीचं पीठ काढलं.

बाहेरच्या खोलीत तिघांना भाकरी थापल्याचा आवाज येत राहिला. मध्ये एकदा तो थांबला तेव्हा स्नेहल उठू लागली. सुलाबाईंनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. “राहू दे तिला एकटीला. पीठ हाय तिच्यासमोर.” थोड्या वेळाने आवाज परत सुरू झाला.

जेवायला बसल्यावर रविराज म्हणाला, “आई, मी सुट्टी काढून येऊ का? कंपनीत विचारतो. व्हिसासाठी धावपळ करून बघू.”

“तुझी नोकरी कंत्राटी आहे,” कुसाबाई म्हणाल्या. त्यांनी त्याच्या ताटात भाकरी वाढली, तिच्यावर तेल सोडलं, शेजारी ठेचा ठेवला. मग सुलाबाईंना वाढलं. मग स्नेहलला. एक ताट त्यांनी सवयीने जास्त घेतलं होतं, ते उचलून परत मांडणीवर ठेवलं.

“लोकं नावं ठेवतील, ते बघ आधी,” सुलाबाई म्हणाल्या, पण ठसक्याने नाही. “म्हंजे मी नाय ठेवणार. पण निफाडात ठेवतील.”

“ठेवू द्या, आक्का.”

“मग जातेस? गुडघे घेऊन?”

“पायऱ्या मोजलेल्या आहेत.”

कुसाबाई ताट घेऊन चटईवर बसल्या, पाय लांब केले. एक घास खाल्ला. दुसरा घास हातातच धरून, कुणाकडेच न बघता, दूधवाल्याला उद्या एक लिटर जास्त सांगावं तशा आवाजात म्हणाल्या,

“उद्या सकाळी मी एजंटकडे कागद देऊन येते. डबे उद्यापासून महिनाभर बंद, तसं सगळ्यांना सांगून ठेव, स्नेहल. मी जातेय, एकटी जातेय. रवी, तो कागद परत टाइप कर. मोठ्या बुद्धाच्या इथे दोन लिहिलंय, तिथे एक कर. बाकी वहीतलं काही बदलू नको.”